शेवटच्या बाकाची प्रार्थना

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. वय सेहेचाळीस, केस अर्धे पांढरे, चोवीस वर्षं कापडगिरणीत एका वेळी चार-चार माग सांभाळलेले. पण थोरल्या जावेच्या मागून या घरात आली म्हणून जी धाकटी झाली ती झालीच. माणसाला एकदा नाव चिकटलं की ते त्याच्याबरोबरच जातं, त्याला इलाज नाही.

ही धाकटी देवाधर्माच्या बाबतीत फार मोठी कोणी होती असंही नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी सासूबाईंचा हात धरून प्रार्थनाघरात जायची. नवऱ्याशेजारी बसायची आणि स्वतःला डुलकी लागली की त्यालाच कोपर मारून म्हणायची, "झोपू नका." नवरा त्याच गिरणीत फिटर होता, स्वभावाने गरीब. तो न झोपताही माफी मागायचा. देवाने तिला स्वप्नात येऊन काही सांगितलं नाही. जे झालं ते लोकांच्या हसण्यामुळे झालं.

त्या दिवशी उपदेशक प्रार्थना संपवून सूचना सांगत होते. उपदेशक सत्तरीचे, आवाज मऊ, आणि भांडणाचा नुसता वास आला तरी चष्मा पुसायला घेणारे. त्यांनी सांगितलं की आपल्यातले एक वयोवृद्ध गृहस्थ काल जिन्यावरून पडले, मांडीचं हाड मोडलं आणि त्यांना फार वेदना होत आहेत. एवढं बोलून ते हळहळले आणि क्षणभर थांबले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून सहा म्हाताऱ्या गळ्यांतून एकदम खणखणीत आवाज आला, "तसंच होवो."

त्यांचा काही दोष नव्हता. प्रार्थनेतल्या प्रत्येक ओळीनंतर उपदेशक थांबायचे आणि सगळ्यांनी "तसंच होवो" म्हणायचं, अशी रीत होती. शेवटचा बाक बहिऱ्यांचा. सगळे गिरणीतले जुने विणकर. मागांच्या खडखडाटात तीस-चाळीस वर्षं काढली की कान जातात, तेही एकदम नाही, उंबऱ्याशी रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखे जातात. ही मंडळी उपदेशकांच्या ओठांकडे बघत बसायची. ओठ थांबले की म्हणायची, तसंच होवो.

सगळं प्रार्थनाघर हसलं. हसू आवरत नाही म्हणून लोकांनी तोंडात रुमाल कोंबले. आणि त्या बाकावर बसलेल्या धाकटीच्या सासूबाई, सगळे हसतायत तर काहीतरी गंमत झाली असणार म्हणून, लोकांकडे बघत त्याही हसल्या. ते हसणं धाकटीला बघवलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी चप्पल काढायच्या आत विचारलं, "काय झालं होतं गं? कशाला हसले?"

त्यांना बोलता येत होतं, अगदी शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल असं. ऐकवायचं असलं की मात्र हातांनी सांगावं लागे. ही हातांची बोली गिरणीतलीच. मागाच्या खात्यात तोंडाने बोलून उपयोग नसतो, बोललेलं स्वतःलाही ऐकू येत नाही. म्हणून या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी हातांनी बोलते. दोन चिमटी झटकन लांब नेल्या की सूत तुटलं. पोटावर थाप मारली की जेवायला चल. कॉलर धरली की साहेब येतोय. आणि साहेबाबद्दल जे तोंडाने बोललं तर नोकरी जाईल तेही याच हातांनी, त्याच्या पाठीमागे, बिनधास्त.

धाकटीने खरं ते सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत.

"सोळा वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "देवाचा एक शब्द कानावर पडला नाही. बसते आपली. ओठ थांबले की म्हणते तसंच होवो. काय होवो म्हणते ते माझं मलाच ठाऊक नाही."

पुढच्या सुट्टीला त्यांचा गुडघा दुखला. त्याच्या पुढच्या सुट्टीला कंबर. लग्न होऊन या घरात आल्यापासून एकही प्रार्थना न चुकवलेली बाई आता सुट्टीच्या दिवशी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून पडू लागली. धाकटीने आठ दिवस वाट पाहिली की कोणीतरी काहीतरी करेल. प्रार्थनाघरात शिकलेली माणसं काय थोडी होती? पण कोणी काही केलं नाही. तेव्हा चालू मागापुढे उभी असताना तिच्या मनात आलं की कोणीतरी म्हणजे आपणच असू, दुसरं कोण दिसत तर नाही.

मनात येणं सोपं, करणं कठीण. गिरणीच्या बोलीत जेवण आहे, पगार आहे, साहेबाचं टक्कलही आहे, पण क्षमा कुठे आहे? कृपा कुठे आहे? क्षमेचं जमलं. तुटलेल्या सुताची दोन टोकं घ्यायची, चिमटीत वळून गाठ मारायची, माग पुन्हा चालू. कृपेपाशी मात्र ती तीन दिवस अडली. मग तिला शेजारणीची आठवण झाली. विणकर बाईला पाणी प्यायला जायचं असलं की ती शेजारणीला आधी आपल्या मागांकडे बोट दाखवते, मग डोळ्याला बोट लावते. माझ्या मागांवर नजर ठेव. शेजारीण मान हलवते, तळहात पुढे करून "तू जा" म्हणते, आणि स्वतःचे चार सांभाळून तुझेही चार सांभाळते. त्याचा हिशोब कोणी कधी केलेला नाही.

धाकटीने स्वयंपाकघरात सासूबाईंना ती ओळ हातांनी सांगून दाखवली. वर बोट केलं, देव. मग त्याचा तळहात, त्याची नजर. तू जा, मी बघतो.

सासूबाई बघत राहिल्या. "पुन्हा कर," म्हणाल्या. तिने पुन्हा केलं. "हे सांगत होते होय इतके दिवस?" असं म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि सुट्टीच्या दिवशी गुडघा, कंबर सगळं घेऊन सगळ्यांच्या आधी दारात चप्पल घालून उभ्या राहिल्या.

धाकटीने उपदेशकांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्यात वाईट काय आहे." हे काही हो म्हणणं नव्हतं, पण तिने ते हो धरलं. पुढच्या खांबाजवळ, सगळ्यांच्या नजरेच्या जरा बाजूला, ती उभी राहिली आणि शेवटच्या बाकाकडे तोंड करून प्रार्थना हातांनी सांगू लागली. दोन महिन्यांत त्या बाकावरची सहा माणसं अकरा झाली. वर्षानुवर्षं घरी बसलेले म्हातारे अंघोळ करून येऊ लागले. आधीच्या सहांतले एक बॉबिनकाका. जन्मभर गिरणीत सुताच्या बॉबिन मागांपर्यंत पोचवल्या म्हणून हे नाव. त्यांनी तर तिला वाटेत गाठून हातांनीच सांगितलं, की मागच्या आठवड्यातली क्षमेची गाठ फार घाईत मारलीस, मला नीट दिसली नाही, या वेळी सावकाश मार.

पण चांगल्या कामाला दृष्ट लागायला वेळ लागत नाही. प्रार्थनाघरात नियम होता की प्रार्थनेच्या वेळी हात जोडलेले आणि डोळे मिटलेले हवेत. पुढच्या बाकांवरून तक्रारी सुरू झाल्या की हातवाऱ्यांमुळे आमचं लक्ष विचलित होतं. डोळे मिटून बसलेल्यांना ती दिसत कशी होती, हे मात्र कोणी विचारलं नाही. कोणी म्हणे मिरवायची हौस आहे. कोणी म्हणे गिरणीची शिवराळ भाषा देवापुढे आणते. आणि हे सगळं जाऊन पोचलं प्रार्थनाघराच्या अध्यक्षांकडे. अध्यक्ष म्हणजे तिचेच थोरले दीर. शाळेत हेडमास्तर होते आणि घरीदारी, झोपेतही, हेडमास्तरच होते.

एका संध्याकाळी ते चहाला आले. आई, भाऊ आणि धाकटी, सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले.

"धाकटे, तुझ्या मनात वाईट नाही, हे मला कळतं," हेडमास्तर म्हणाले. "पण देवाच्या घरात गिरणीचे हातवारे शोभत नाहीत. त्या हातांनी तिथे काय काय बोललं जातं, हे तुला मी सांगायला नको."

"तोंडाने काय कमी बोललं जातं, भाऊजी? तरी प्रार्थना तोंडानेच म्हणतो आपण."

फिटरला चहाचा ठसका लागला. हेडमास्तरांनी तो थांबेपर्यंत वाट पाहिली.

"नियम सगळ्यांना सारखा असतो."

"बहिऱ्या माणसाने हात जोडले आणि डोळे मिटले तर त्याच्याकडे उरलं काय?"

"श्रद्धा," हेडमास्तर म्हणाले. "ती असली की पुरते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी दीर म्हणून सांगायला आलोय. यापुढे उभी राहिलीस तर अध्यक्ष म्हणून तुझं नाव पटावरून काढायचा ठराव मला आणावा लागेल. मग या दारात तुला येता यायचं नाही."

सासूबाई दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होत्या. "काय म्हणतोय हा?" त्यांनी विचारलं.

"सांग, तब्येत कशी आहे विचारतोय म्हणून," हेडमास्तर म्हणाले.

आणि धाकटीने हातांनी तेच सांगितलं. सासूबाई खूश झाल्या, गुडघ्याची सगळी कथा थोरल्या मुलाला ऐकवू लागल्या. धाकटी उठून कप विसळायला गेली. आपल्या हातांनी आज पहिल्यांदा खोटं सांगितलं, आणि तेही आपल्यावर डोळे मिटून भरवसा ठेवणाऱ्या बाईला, याची तिला इतकी लाज वाटली की एकच कप तिने तीनदा विसळला.

त्या दिवसांत लोकांनी काय काय केलं ते सगळं सांगत बसलो तर पुराण होईल. बायका तिला बघून बाकावर पसरून बसायच्या. समोरून आल्या तर दुकानात शिरायच्या, मग ते दुकान खिळ्यांचं का असेना. पण तिच्या मनाला लागलं ते गिरणीतलं. तिच्या शेजारची विणकर त्याच प्रार्थनाघरातली, पुढच्या बाकावरची. वीस वर्षं दोघींनी एकमेकींचे माग पाहिले होते, बाळंतपणाच्या आधीच्या दिवसांत, तापात, आई गेल्याच्या दुपारी. धाकटीने नेहमीसारखं मागांकडे बोट केलं, डोळ्याला लावलं. शेजारणीने मान फिरवली. तिने पाहिलं नसेल म्हणून धाकटीने पुन्हा केलं. शेजारीण आपल्या मागातल्या पळत्या धोट्याकडे बघत राहिली. धाकटी धावत जाऊन पाणी पिऊन आली तोवर एका मागावर सूत तुटलं होतं आणि हातभर कापड विरविरीत निघालं होतं. साहेब सगळ्यांदेखत बोलला. ते तिने ऐकून घेतलं, पण शेजारणीची फिरलेली मान काही डोळ्यांपुढून हलेना.

"पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" नवरा म्हणाला. "तू सांगितलंस, लोकांनी पाहिलं, पुरे झालं की. हात दाखवून अवलक्षण कशाला ओढवून घ्यायचं?"

त्याचंही खरं होतं. धाकटी काही पोलादाची नव्हती. त्यातून तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिने कोणालाच सांगितली नव्हती. वर्षभर तिच्याही कानांत शीळ वाजत होती. शीळ म्हणजे सुरुवात, हे गिरणीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दहा वर्षांत आपण त्याच बाकावर जाणार. मग हे सगळं आपण देवासाठी करतोय की पुढे आपलीच सोय व्हावी म्हणून? पुढच्या बाकावरची माणसं म्हणतात तसं खरंच आपल्यासाठीच चाललंय का? या विचाराने ती आतून खचली आणि पुढच्या सुट्टीला नवऱ्याशेजारी हात जोडून बसली.

प्रार्थना सुरू झाली. तिने डोळे मिटले, पण ते मिटलेले राहिनात. तिने वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर अकरा माणसं तिच्याकडे बघत होती. रागाने नाही. ती उठेल, काहीतरी अडचण आली असेल, आता उठेल, अशा आशेने. बॉबिनकाकांनी लांबून दोन चिमटी झटकन लांब नेल्या आणि भुवया उंचावल्या. सूत तुटलं का?

तिला उत्तर देता येईना. हात जोडलेले होते. देवापुढे जोडलेले हात, आणि तिला वाटलं की आपल्याच तोंडावर कोणीतरी हात दाबून धरलाय. ती मनात म्हणाली, देवा, माझा यात स्वार्थ असेल तर असू दे. तो तू बघून घे. पण ही माणसं माझ्याकडे बघतायत आणि मला बोलता येतं. पुढच्या सुट्टीला ती खांबाजवळ उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी प्रार्थनाघराच्या फळ्यावर सभेची सूचना लागली.

सभेला बाक कमी पडले. प्रार्थनाघराच्या गल्लीत कधी पाऊल न ठेवणारेही आले होते. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? शेवटचा बाक नीटनेटका होऊन आला होता. कसली सभा आहे याची त्यांना काही कल्पना नव्हती. धाकटीला सांगण्याचा धीर झाला नव्हता. ती पुढे, एकटी, भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली होती. हेडमास्तर मंचावर उभे राहिले आणि कागद काढला.

"भाऊजी," धाकटी उठून म्हणाली. "हे मागच्या बाकाला कोण सांगणार? त्यांच्याबद्दलच आहे ना?"

"हातवारे बंद करण्यासाठीच ही सभा आहे," हेडमास्तर म्हणाले.

"हात जोडायचा नियम प्रार्थनेला आहे. सभेला नाही."

नियमाच्या माणसाला नियमानेच अडवलं की त्याचं काही चालत नाही. उपदेशकांनी चष्मा पुसायला काढला, थोडा वेळ हातात धरला आणि न पुसताच पुन्हा घातला. "सांगू द्या," ते म्हणाले.

ती खांबाजवळ गेली. हेडमास्तर वाचू लागले आणि तिचे हात चालू लागले. सभासद बाईंनी नियम मोडला. ती स्वतःकडे बोट करून ते सांगत होती. बाईंनी गिरणीतली असभ्य भाषा देवापुढे आणली. तिने तेही सांगितलं. बाईंना लोकांपुढे मिरवण्याची हौस आहे. इथे तिचे हात अडखळले. हे वाक्य गाळलं असतं तर त्या बाकाला कळलं नसतं, आणि पुढच्यांत ज्यांना ही बोली येत होती त्यांतलं कोणीही चुगली करायला उठलं नसतं. पण स्वयंपाकघरातलं ते एक खोटं तिला पुरलं होतं. तिने तळहाताचा आरसा केला, त्यात बघत केस सावरले, कंबर जराशी हलवली आणि पुन्हा स्वतःकडे बोट केलं. एक शब्दही मऊ केला नाही. पुढे बसलेल्या शेजारणीने मान खाली घातली.

"सबब, यांचं नाव पटावरून कमी करावं." धाकटीने हवेत नाव लिहिलं आणि तळहाताने पुसून टाकलं.

शेवटच्या बाकावर चुळबुळ झाली. बॉबिनकाका उठले आणि बहिऱ्या माणसाच्या भसाड्या आवाजात म्हणाले, "कोणी केला असला नियम?"

"तुम्हीच," हेडमास्तरांनी वही उघडून दाखवली. "गेल्या वर्षीच्या सभेत. तुमच्या बाकावरचे सहाच्या सहा हात वर होते. आईचासुद्धा."

धाकटीने सांगितलं. सहा माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"पुढच्यांनी हात वर केले म्हणून आम्ही केले," बॉबिनकाका म्हणाले. "मला वाटलं, नवा पंखा घ्यायचं चाललंय."

कोणीतरी फिसकन हसलं. पण ते हसणं पुढे गेलं नाही, मध्येच विरलं. आपल्याच तोंडावर कुलूप घालायला या माणसांनी आपल्याच हाताने मत दिलं होतं आणि वर्षभर पंख्याची वाट बघत उकाड्यात बसली होती, हे लोकांच्या ध्यानात यायला लागलं. हेडमास्तरांच्याही आलं असावं. त्यांनी वही मिटली.

तेवढ्यात सासूबाई उभ्या राहिल्या. बाकाला धरून, गुडघा सावरत.

"थोरल्या," त्या म्हणाल्या. हेडमास्तरांना थोरल्या म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं. "हिच्याकडून नको मला. माझ्यावर बंदी घालायची आहे ना तुला? मग तू सांग. तुझ्या हातांनी सांग."

सगळ्यांनी माना वळवून मंचाकडे पाहिलं. ज्यांना माहीत होतं त्यांना माहीत होतं. हा मुलगा बोलायला लागायच्या आधी हातांनी बोलायला शिकला होता. आई गिरणीच्या फाटकातून रस्त्यापलीकडच्या पोराला विचारायची, जेवलास का, आणि तो पोटावर थाप मारून सांगायचा. मग शाळेत गेला. तिथे मुलांनी त्याच्या आईची नक्कल केली, आणि एक दिवस आई फाटकातून विचारत असताना त्याने दोन्ही हात खिशात घातले. ते आज पन्नास वर्षांनीही खिशातच होते म्हणा ना.

हेडमास्तरांनी कागद मेजावर ठेवला. हात वर केले. आईकडे बोट केलं. मग कानाकडे. पुढची खूण सोपी होती. गळ्यावरून आडवा हात फिरवला की माग बंद, काम बंद, सगळं बंद. गिरणीतल्या प्रत्येकाला ती माहीत असते. त्यांचा हात गळ्यापर्यंत गेला. आणि कॉलरपाशीच राहिला. आई बघत होती, डोळे बारीक करून, मुलगा काय सांगतोय ते एक अक्षर चुकू नये म्हणून जिवाचे डोळे करून बघत होती. असल्या डोळ्यांसमोर तो हात आडवा फिरवायला दगडाचं काळीज लागतं. हेडमास्तर कडक होते, दगड नव्हते.

त्यांनी हात खाली घेतला. मग छातीवर टेकवला, बोटं चाचपल्यासारखी हलवली, मान हलवली. खुणा मोडक्यातोडक्या होत्या, पण कोणी सांगायची गरज पडली नाही. आई, मला आता नीट येत नाही.

"मग शीक," सासूबाई म्हणाल्या. "घरातच मास्तरीण आहे." आणि खाली बसल्या.

हेडमास्तर खुर्चीवर बसले. त्यांनी चेहरा हातांत धरला. मग मान वर करून म्हणाले, "ठराव मी मागे घेतो. नियमाचंही पुन्हा विचारू. या वेळी सगळ्यांना कळेल असं विचारू." पुढच्या बाकांवरची दोन कुटुंबं उठून निघून गेली. जाताना त्यांनी दार इतक्या जोरात आपटलं की खिडक्या हादरल्या. शेवटच्या बाकाला त्याचा काही त्रास झाला नाही.

सगळं मिटलं असं नाही. उद्या गिरणीत शेजारीण मान हलवते की फिरवते, हे धाकटीला ठाऊक नव्हतं. कानांतली शीळही चालूच होती. पण तिचं नाव पटावर होतं.

"समारोपाची प्रार्थना," उपदेशक म्हणाले. सवयीने सगळ्यांचे हात जुळले. उपदेशकांनी धाकटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये, पुढे उभी राहा. खांबाआड नको. मी सावकाश म्हणतो."

ती मधोमध जाऊन उभी राहिली. उपदेशकांनी पहिली ओळ म्हटली आणि तिचे हात थांबेपर्यंत थांबले. शेवटच्या बाकाने "तसंच होवो" म्हटलं, सगळ्यांच्या बरोबर, एक क्षण मागे नाही की पुढे नाही. तेव्हा धाकटीच्या डोळ्यांना जी धार लागली ती थांबेना. गाल भिजले, हनुवटीवरून पाणी ठिबकायला लागलं, नाकाचंही तेच. आणि पुसायला एक हात मोकळा नव्हता. दुसरी ओळ सुरू झाली होती, ती सांगायची होती, म्हणून ती तशीच सांगत राहिली.